धुके, भोवरा आणि काच

डिसेंबरच्या अखेरीस लखनौवर धुके उतरते. आधी गोमतीचा काठ दिसेनासा होतो, मग हजरतगंजचे दिवे, आणि पहाटे कॅन्टोन्मेंटच्या मैदानावर पीटीला उभ्या असलेल्या तुकडीची मागची रांगही. आपल्याकडे घाटातले धुके ऊन वर आले की उठते. इथले कधी कधी दुपारपर्यंत हलत नाही. अमौसी विमानतळावर मोठी विमाने कमी दृश्यमानतेत उतरवण्याची यंत्रणा आहे, तरी दर हिवाळ्यात उड्डाणे खोळंबतात. एका इंजिनाच्या चार आसनी विमानाला तर अशा दिवशी जमिनीवर बसून राहण्यावाचून गत्यंतर नसते.

मी ईएमईचा माणूस. नोकरीची बरीच वर्षे आर्मी एव्हिएशनच्या हेलिकॉप्टरांची उपकरणे तपासण्यात गेली. लखनौच्या या पोस्टिंगचा विमानांशी थेट संबंध नाही. पण मागच्या लेखानंतर एका निवृत्त सुभेदार साहेबांनी एक प्रश्न पाठवला आणि तो डोक्यातून जाईना. त्यांचा मुलगा व्यावसायिक पायलट होण्यासाठी शिकतो आहे. त्याच्या विमानात जुनी गोल घड्याळे नाहीत, समोर दोन टीव्हीसारखे पडदे आहेत. साहेब विचारतात, "ढगात असताना पडदा गेला तर पोरगं काय बघणार? जुनं बरं की नवं?"

उत्तर एका ओळीत देता येईल, पण ती ओळ त्यांना पटणार नाही. म्हणून थोडा इतिहास सांगतो. सैन्यातल्या चालू यंत्रणांबद्दल इथे काही नाही. जे आहे ते सगळे जाहीर माहितीतले.

शरीराची साक्ष खोटी

१८ फेब्रुवारी १९११ रोजी याच प्रांतातल्या अलाहाबादेतून आँरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपालाची पोती घेऊन यमुनेपलीकडे नैनीपर्यंत उड्डाण केले. विमानाने नेलेली ही जगातली पहिली अधिकृत टपालफेरी. त्याच्या डोळ्यांसमोर नदी होती, पूल होता, मोकळे आकाश होते. उपकरणांची गरजच नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूवर उतरले, तेव्हाही त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, म्हणून टपालसेवा तेवढे महिने पुण्याहून चालवावी लागे. त्या काळात ढग टाळायचे असत. ढगात शिरायचे नाही, हाच नियम होता.

कारण ढगात शिरल्यावर शरीर खोटी साक्ष देते. आपला तोल कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतल्या द्रवावर चालतो. विमान हळूहळू एका बाजूला कलून एकाच वेगाने वळत राहिले, तर काही सेकंदांत तो द्रव स्थिरावतो आणि मेंदूला वाटते की आपण सरळ जातो आहोत. मग कोणी विमान खरेच सरळ केले, की उलट्या बाजूला वळल्याचा भास होतो. पायलट तो भास "दुरुस्त" करतो, विमान पुन्हा कलते, नाक खाली जाते, वेग वाढतो. लखनौच्या बड्या इमामबाड्यातल्या भुलभुलैयात माणूस दिशा विसरतो, पण वर कुठे आणि खाली कुठे हे तरी त्याला कळत असते. ढगात तेही कळत नाही.

ही गोष्ट पटवून देण्यात एका सैनिकाचा मोठा वाटा आहे. अमेरिकन सैन्याच्या हवाई दलातला विल्यम ऑकर १९२६ मध्ये वैद्यकीय तपासणीसाठी फिरत्या खुर्चीत डोळे बंद करून बसला. खुर्ची थांबली तरी त्याला ती उलटी फिरते आहे असे वाटले. हा जुना, अनुभवी वैमानिक. त्याने ओळखले की इतकी वर्षे ज्यावर आपण विसंबलो ती "अंगातली जाण" ढगात निरुपयोगी आहे. पुढे त्याने कार्ल क्रेनबरोबर केवळ उपकरणांवर उडण्याचे शिक्षण उभे केले. वरिष्ठांना त्याचा हट्ट बराच काळ चक्रमपणाचा वाटत होता.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल या लष्करी वैमानिकाने कॉकपिटवर कापडी झाकण ओढून घेतले आणि बाहेरचे काहीही न बघता विमान उडवले, फिरवले, उतरवले. जेमतेम १५ मिनिटांचे उड्डाण. समोर होते स्पेरीचे कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो, तसेच कोल्समनचा अचूक उंचीमापक. आजच्या प्रत्येक इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगची सुरुवात तिथे आहे.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने याची दुसरी बाजू मोजली. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत उडवायला दिले. विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद. तीन मिनिटेसुद्धा नाही.

हवेवर फिरणारा भोवरा

कृत्रिम क्षितिज म्हणजे मुळात भोवरा. जाळी ओढून सोडलेला भोवरा फिरतोय तोवर आपला आस सोडत नाही. तसाच एक जड भोवरा खोक्यात वेगाने फिरवत ठेवायचा. विमान कसेही कलले तरी भोवरा आपली जागा धरून राहतो आणि त्याला जोडलेली आडवी रेषा खरे क्षितिज दाखवते. छोट्या विमानांत हा भोवरा बहुधा हवेवर फिरतो. इंजिनाला जोडलेला व्हॅक्यूम पंप हवा ओढतो आणि ती भोवऱ्याच्या कडेच्या खाचांवर आदळते.

दुखणे दोन ठिकाणी. एक म्हणजे बेअरिंग. ते झिजते, भोवरा डुगडुगतो. दुसरा तो पंप. त्यातली कार्बनची पाती झिजतात आणि कधी कधी काही पूर्वसूचना न देता एका झटक्यात तुटतात. पण खरा धोका त्यानंतरचा. पंप गेला तरी भोवरा लगेच थांबत नाही. काही मिनिटे तो मंदावत जातो आणि मंदावता मंदावता एका बाजूला झुकतो. दाखवलेले क्षितिज हळूहळू तिरपे होते. पायलट ते सरळ करायला विमान वळवतो आणि मेलेल्या उपकरणाच्या मागे जातो. साध्या उपकरणांवर "मी बंद पडलो आहे" हे सांगणारा लाल झेंडाही नसे.

म्हणून जुन्या पॅनेलची रचना हुशारीची होती. क्षितिज हवेवर चाले, तर वळण दाखवणारे उपकरण विजेवर. वेग, उंची आणि चढ-उतार हे तिघे बाहेरच्या हवेच्या दाबावर, त्यांना ना वीज लागे ना भोवरा. एक साक्षीदार फुटला तरी दुसरे शाबूत. शिकवणारा उस्ताद क्षितिजावर रबरी चकती चिकटवायचा आणि म्हणायचा, आता उरलेल्यांवर उडव. यालाच पार्शल पॅनेल म्हणतात.

लखनौचा या भोवऱ्यांशी जुना संबंध आहे. १९६५ च्या युद्धात अमेरिका आणि ब्रिटनने आपला शस्त्रपुरवठा रोखला होता. सुटे भाग आणि उपकरणे परदेशातून येणार असतील तर विमान आपले असूनही आपले नसते, हा धडा तेव्हा मिळाला. १९७० मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा ॲक्सेसरीज विभाग लखनौत सुरू झाला. फैजाबाद रोडवरच्या या कारखान्यात हायड्रॉलिक, इंधन आणि विजेच्या प्रणालींबरोबर जायरोची आणि हवेच्या दाबावर चालणारी उपकरणेही बनू लागली. मिग, जग्वार, डॉर्नियर, चेतक, चीता, सगळ्यांसाठी.

यात एक गंमत आहे. रशियन पद्धतीच्या क्षितिजात रेषा कलत नाही, विमानाचे छोटे चित्र कलते. पाश्चात्त्य पद्धतीत चित्र स्थिर असते आणि मागचे क्षितिज कलते. दोन्ही बरोबर, पण एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यासमोर बसला तर घाईच्या क्षणी उलटे वाचू शकतो. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी अमेरिकेत आयोवामध्ये बडी हॉली या गायकाचे छोटे बोनान्झा विमान रात्रीच्या हिमवर्षावात पडले. तरुण पायलटकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग नव्हते. त्यातच त्या विमानातला जायरो नाकाचा चढ-उतार नेहमीच्या उपकरणांच्या उलट दाखवणारा होता, आणि चौकशीत त्याची नोंद झाली. उपकरण चालू असणे आणि ते माणसाला वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंदिरानगरमध्ये राहणाऱ्या एका वृद्ध कारागिरांशी माझे या विषयावर बोलणे होते. आयुष्य जायरो जुळवण्यात गेले. ते म्हणतात, "जनाब, बेअरिंग मरने से पहले बोलता है. सुननेवाला चाहिए." हे मी स्वतः पाहिले आहे. इंजिन बंद केल्यावर जायरो थांबायला किती वेळ घेतो, थांबताना करकरतो का, सुरू करताना किती वेळ डोलतो, यावरून त्याचे उरलेले आयुष्य ओळखता येते. जुने यंत्र आजारी पडते, मग मरते.

वांद्र्याचा समुद्र

आता एक अपघात, जो छोट्या विमानाचा नाही. तरी सांगतो, कारण या विषयात महाराष्ट्राला त्याहून जवळचा आणि त्याहून कडू धडा नाही.

१ जानेवारी १९७८. एअर इंडियाचे "एम्परर अशोका" हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून रात्री दुबईसाठी निघाले. १९० प्रवासी, २३ कर्मचारी. किनारा ओलांडला की पुढे काळा समुद्र आणि काळे आकाश, मधली रेषा नाही. विमान उजवीकडे वळले आणि नंतर सरळ झाले. कॅप्टनसमोरचे क्षितिज मात्र उजव्या कलावरच अडकून राहिले होते. विमान अजून उजवीकडे कलले आहे असे समजून त्यांनी ते डावीकडे नेले, आणखी नेले. धावपट्टी सोडल्यापासून दोन मिनिटांच्या आत विमान वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ पैकी कोणीही वाचले नाही.

त्या कॉकपिटमध्ये क्षितिज एकच नव्हते. सहवैमानिकासमोर दुसरे होते, मध्ये राखीव तिसरे. चौकशीचा निष्कर्ष असा की कॅप्टनचे उपकरण बिघडले, त्यांना विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही आणि इतर उपकरणांच्या आधारे ताबा परत मिळवता आला नाही. कॅप्टन हजारो तासांचे अनुभवी होते. दोष द्यायला मी हे लिहीत नाही. तीन साक्षीदारांपैकी एक खोटे बोलू लागला आणि तो नेमका आपल्या डोळ्यांसमोरचा असला, तर निवाडा करायला किती थोडा वेळ मिळतो, एवढेच दाखवायचे आहे.

घड्याळे गेली, पडदे आले

मोठ्या विमानांत पडदे १९८० च्या दशकात आले. छोट्या विमानांत ते यायला आणखी वीस वर्षे लागली. २००३ मध्ये अमेरिकेची सिरस विमाने पडद्यांसह येऊ लागली आणि २००४ पासून गार्मिनची जी-१००० प्रणाली सेसना आणि डायमंडच्या विमानांत दिसू लागली.

या प्रणालीत फिरणारा जड भोवरा नाही. त्याच्या जागी घन अवस्थेतले छोटे संवेदक आहेत. ते कल आणि वळणे विजेच्या संकेतांत मोजतात, संगणक त्यांची चुंबकीय दिशा, जीपीएस आणि हवेचा दाब यांच्याशी पडताळणी करतो आणि पडद्यावर क्षितिज रंगवतो. झिजणारे बेअरिंग नाही, तुटणारी पाती नाहीत. समोरचा पडदा गेला तर शेजारच्यावर तेच चित्र आणता येते. संगणकाला स्वतःच्या माहितीवर विश्वास उरला नाही, तर तो खोटे क्षितिज दाखवत बसत नाही. त्या जागी मोठी लाल फुली मारतो. पंप मेल्यावर हळूहळू फसवणाऱ्या जुन्या क्षितिजाच्या तुलनेत हा फार मोठा प्रामाणिकपणा आहे.

लखनौच्या आसपास हे दोन्ही काळ एकत्र पाहायला मिळतात. रायबरेलीपलीकडे फुरसतगंजला १९८५ मध्ये स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे. तिथली पोरे डायमंड डीए-४० वर पडद्यांसमोर बसून शिकतात. अमेठीजवळ कोरव्याला एचएएलचा एव्हिऑनिक्स विभाग आहे. कानपूरला डॉर्नियर-२२८ बनते आणि त्यातही आता पडदे आले. आमच्या आर्मी एव्हिएशनमध्ये चीता-चेतकवर घडलेला पायलट ध्रुवच्या नव्या अवतारात बसतो तेव्हा त्यालाही हाच बदल पेलावा लागतो.

मात्र नव्या रचनेत एक गोष्ट बदलली. जुन्या पॅनेलवरचे साक्षीदार वेगवेगळ्या घरचे होते. आता बहुतेक सगळे एकाच विजेवर आणि मोजक्या संगणकांवर आले. उदाहरणार्थ पिटो ट्यूब, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी. तीत पाणी किंवा बर्फ अडकला तर जुन्या विमानात फक्त वेगाचे घड्याळ चुके, उंची आणि चढ-उतार चालू राहत. काही पडदा-प्रणालींत मात्र त्याच एका अडथळ्यामुळे वेग, उंची आणि चढ-उतार या तिन्हींवर एकदम लाल फुल्या येतात. ज्या पायलटने हे कधी वाचले नाही, त्याला वाटणार की सगळेच गेले.

आकडे काय सांगतात

पडद्यांनी अपघात कमी झाले का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, एनटीएसबीने, २०१० मध्ये याचे उत्तर शोधले. २००२ ते २००६ मध्ये बनलेली ८,००० हून अधिक छोटी विमाने घेतली, काही पडद्यांची, काही गोल घड्याळांची, आणि २००२ ते २००८ मधले त्यांचे अपघात मोजले. घड्याळांच्या विमानांचे १४१ अपघात, त्यात जीवघेणे २३. पडद्यांच्या विमानांचे १२५ अपघात, त्यात जीवघेणे ३९. म्हणजे अपघात झालाच तर तो जीवघेणा ठरण्याचे प्रमाण पहिल्या गटात १६ टक्के, दुसऱ्यात ३१ टक्के.

या आकड्यांवरून "पडदे मारतात" असे म्हणणे चूक होईल. घड्याळांची विमाने जास्त करून शिकवण्यासाठी वापरली जात होती. तिथले अपघात उतरताना धावपट्टीवर होणारे, विमान वाकते पण माणूस वाचतो. पडद्यांची विमाने लांबच्या प्रवासाला जात होती, खराब हवेत जास्त जात होती. तरीही मंडळाचा निष्कर्ष स्पष्ट होता: नव्या उपकरणांमुळे सुरक्षितता मोजण्याइतकी वाढलेली दिसत नाही. त्याचे एक मोठे कारण शिक्षणात होते. प्रत्येक कंपनीची प्रणाली वेगळी वागते, प्रत्येकीचा बिघाड वेगळा दिसतो, आणि तो कसा दिसतो हे पायलटला पुरेसे शिकवले जात नव्हते.

मला यात आश्चर्य वाटले नाही. वर्कशॉपमध्ये नवे उपकरण आले की सगळे जण ते काय काय करू शकते ते विचारतात. ते बिघडल्यावर कसे वागते, हे विचारणारे दोघेच असतात: ते दुरुस्त करणारा, आणि कधी तरी त्याच्यासोबत एकटा सापडलेला.

सुभेदार साहेबांना उत्तर

साहेब, पेटी म्हणून विचाराल तर नवे जुन्यापेक्षा जास्त विश्वासाचे आहे. मी आयुष्यभर जुन्या भोवऱ्यांवर काम केले, त्यांच्यावर माझा जीव आहे, तरी माझ्या मुलाला ढगात पाठवायचे असेल तर मी पडद्यांचेच विमान निवडीन. भोवऱ्याचा आवाज ओळखणारा माणूस प्रत्येक हँगरमध्ये नसतो. लाल फुली सगळ्यांना दिसते.

पण पडद्याच्या भरवशामुळे एक सवय जाते आणि ती जाऊ देऊ नका. जुने पॅनेल पायलटला आळशी होऊ देत नव्हते. सहा घड्याळांवरून नजर फिरवत राहावे लागे, एकाची दुसऱ्याशी सतत पडताळणी करावी लागे. पडद्यावर सगळे एका सुंदर चित्रात जुळवून मिळते, आणि जुळवून मिळालेल्या गोष्टीवर माणूस संशय घेत नाही. वांद्र्याला तीन क्षितिजे होती. हवी होती ती तिघांकडे आळीपाळीने बघणारी नजर.

व्यावसायिक परवान्यासाठी मुलाला २०० तास उडावे लागतील. ते पुरे होण्याआधी त्याला चार गोष्टी विचारा. तुझ्या विमानात समोरचा पडदा गेला तर दुसऱ्यावर चित्र कोणत्या बटणाने येते, आणि ते बटण डोळे मिटून सापडते का? राखीव क्षितिज कशावर चालते, विजेवर की पंपावर? पिटो ट्यूब बंद झाली तर नेमके काय काय जाईल आणि काय उरेल? जनरेटर बंद पडला तर बॅटरीवर किती मिनिटे? ही उत्तरे विमानाच्या पुस्तकात आहेत आणि प्रत्येक विमानासाठी वेगळी आहेत.

त्यानंतर त्याच्या उस्तादांना विनंती करायला सांगा की सिम्युलेटरवर अधूनमधून, न सांगता, पडदा बंद करा. सेक्शनमध्ये आपण पोरांना रायफल डोळे बांधून खोलायला आणि जोडायला लावतो. रायफल वाईट असते म्हणून आपण तसे करत नाही. वेळ आली तेव्हा हाताला माहीत असावे, म्हणून करतो.

जय हिंद.